जुन्या रिंगेवरून नवी रिंग आणू नका

पावसाळा सरला की मालवण, तारकर्ली, देवबागच्या घराघरांतून स्कूबाच्या टाक्या बाहेर निघतात. होडीला रंग लागतो. इंजिनाचं तेल बदललं जातं. लाइफ जॅकेटं धुऊन दोरीवर वाळत पडतात. या गडबडीत टाकीच्या तोंडावरच्या काळ्या रबरी रिंगेकडे मात्र कुणी बघत नाही. गेल्या मोसमात चालली, याही मोसमात चालेल, असं आपण धरून चालतो.

हे चार शब्द त्या रिंगेसाठी आहेत. ज्यांच्या घरात चार-सहा टाक्या आहेत, ज्यांचा मुलगा पर्यटकांना पाण्याखाली घेऊन जातो, जे हौसेनं स्वतःचं सामान घेऊन गोव्याला किंवा अंदमानला डायव्हिंगला जातात, त्या सगळ्यांनी वाचावं. यात इंजिनिअरिंग काही नाही. रिंग कशी मागायची आणि कशी बसवायची, एवढंच आहे.

आधी ती रिंग सांभाळते काय, ते बघा.

आपली नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी. तिच्या पोटात जेमतेम 11 लिटर पाणी मावेल एवढी जागा असते. त्या जागेत 200 बार दाबानं सुमारे 2200 लिटर हवा कोंबलेली असते. तोंडावरच्या त्या एवढ्याशा वर्तुळावर या दाबाचा जोर अडीचशे किलोंच्या वर जातो. मानेशी, जिथं व्हॉल्व्ह टाकीत फिरवून बसवलेला असतो, तिथं तो टनाच्या घरात पोचतो.

हा जोर पेलतात ते धातूचे आटे आणि क्लॅम्प. पण हवा अडवते ती रिंग. धातूवर धातू कितीही आवळा, हवा मधून वाट काढतेच.

रिंगेचं काम सोपं आहे. ती खोबणीत बसते आणि वरून थोडी दाबली जाते. आतून हवेचा दाब आला की ती फटीकडे ढकलली जाते आणि आणखी घट्ट बसते. म्हणून ती लवचीक हवी आणि कणखरही हवी. फार मऊ असली तर फटीतून पिळून बाहेर येते आणि कधीतरी फाटून उडते. वाळून कडक झाली असली तर फट भरतच नाही. कुकरचं रबर जुनं झालं की शिट्टी होत नाही, वाफ कडेनं जाते, हे तुम्ही घरी पाहिलेलं आहे. इथं दाब कुकरच्या दोनशे पट आहे.

आता नेहमी होणारी चूक सांगतो.

आपण जुनी रिंग काढतो. खिशात टाकतो. कुडाळ-कणकवलीला ऑइल सीलच्या दुकानात जातो आणि काउंटरवर ठेवून म्हणतो, "अशीच एक द्या." दुकानदार भला माणूस असतो. तो डबा काढतो, तीन-चार रिंगा जुनीवर ठेवून बघतो आणि एक देतो. घरी येऊन आपण ती बसवतो. हवा सुटत नाही. आपण खूश.

पण तुम्ही दुकानदाराला दाखवलं काय? बिघडलेली वस्तू. वर्षभर क्लॅम्पखाली चेपून तिची गोलाई गेलेली असते. विश्वास बसत नसेल तर एखादी जुनी रिंग ब्लेडनं आडवी कापा आणि कापलेला भाग उजेडात धरा. नव्या रिंगेत तिथं गोल ठिपका दिसतो. जुनीत तो दोन बाजूंनी सपाट झालेला असतो. त्यातच खारं पाणी, ऊन आणि नको ते ग्रीस यांनी काही रिंगा फुगतात, काही आखडतात. अशा रिंगेवर मापून दिलेली रिंग चुकीची निघाली, तर दोष दुकानदाराचा नाही.

शिवाय आधीच्या माणसानं तरी बरोबर रिंग बसवली होती कशावरून? तोही कुणाच्या तरी जुन्या रिंगेवरूनच घेऊन आला असेल.

म्हणून रिंग नंबरानं मागा.

ओ-रिंगांच्या मापांसाठी एक अमेरिकी क्रमांकपद्धत आहे, एएस 568. आपल्याकडच्या सीलच्या दुकानांतही ती चालते. तिच्यात प्रत्येक मापाला तीन आकडी नंबर असतो. पहिला आकडा जाडी सांगतो. आपल्या कामाच्या रिंगांपुरतं एवढं पाठ करा. 0 नं सुरू होणारी 1.78 मिलिमीटर जाड, 1 नं सुरू होणारी 2.62, आणि 2 नं सुरू होणारी 3.53. पुढचे दोन आकडे वाढत जातात तसा आतला व्यास वाढतो.

आपल्याकडच्या बहुतेक टाक्यांवर रेग्युलेटर क्लॅम्पसारखा वरून बसतो आणि मागून स्क्रूनं आवळला जातो. त्याला योक म्हणतात. या टाकीच्या व्हॉल्व्हच्या तोंडावर जी रिंग दिसते, ती बहुतेक करून 014 नंबरची असते. आतला व्यास 12.42 मिलिमीटर, जाडी 1.78.

दुसऱ्या प्रकारात रेग्युलेटर आट्यांनी आत फिरवून बसवतात. ते डिन. तिथं टाकीच्या तोंडावर रिंग शोधत बसू नका. ती रेग्युलेटरच्या टोकावर असते. तिचा नंबर बहुतेक करून 112. आतला व्यास 12.37 मिलिमीटर, जाडी 2.62.

हे आकडे पुन्हा वाचा. 12.42 आणि 12.37. दोन्ही रिंगांच्या भोकांत पाच शतांश मिलिमीटरचा फरक आहे. डोळ्यांनी तो दिसणं शक्य नाही. करंगळीच्या टोकावर दोन्ही सारख्याच बसतात. फरक आहे तो जाडीत, आणि एकाच डब्यात मिसळलेल्या दोन काळ्या रिंगांची जाडी घाईच्या वेळी कोण बघतो?

घोटाळा होतो तो इथंच. डिनची जाड रिंग योकच्या खोबणीत कोंबली की ती वर उठून राहते. स्क्रू आवळला की वाटतं, छान घट्ट बसली. खरं तर रबर कडेनं धातूच्या फटीत चिमटलं जातं. दाब आला की तिथूनच चिरतं. म्हणून ज्यांच्याकडे दोन्ही प्रकारचं सामान आहे त्यांनी दोन वेगळ्या डब्या करा. वर मोठ्या अक्षरांत नंबर लिहा. एकाच डबीत दोन्ही ठेवू नका, कितीही ओळखता येतात असं वाटलं तरी.

काही व्हॉल्व्ह दोन्हींसाठी चालतात. त्यात मधला तुकडा फिरवून काढला की डिन, बसवला की योक. त्या तुकड्याला पुढं एक रिंग असते, तशी मागच्या अंगालाही असते. पुढची बदलूनही हवा सुटत राहिली तर मागची बघा. ती कित्येकांना माहीतच नसते.

मी "बहुतेक करून" म्हणतोय, ते उगाच नाही. सगळ्या कंपन्या सारख्या नसतात. तुमच्या व्हॉल्व्हवर कंपनीचं नाव असतं. तिच्या माहितीपत्रकात रिंगेचा नंबर दिलेला असतो. ज्याच्याकडून टाकी घेतली त्याला फोन करून विचारा. एकदा विचारायचं, भिंतीवर लिहून ठेवायचं, आणि मग जन्मभर त्या नंबरानं मागायचं.

माप झालं. आता रबर.

दुकानात चार-पाच जातींची रबरं मिळतात. साध्या हवेच्या टाकीसाठी तुम्हाला नायट्राइल हवं. ते स्वस्त आहे, सगळीकडे मिळतं आणि या कामाला उत्तम आहे. कुणी "व्हिटॉन घ्या, महाग आहे पण एक नंबर" म्हणालं तर पैसे वाचवा. व्हिटॉन चांगलंच असतं, पण ते उष्णतेच्या आणि रसायनांच्या कामासाठी. आपल्या साध्या हवेच्या टाकीला त्यानं जास्तीचं काही मिळत नाही.

रंगावर जाऊ नका. काळ्या रंगात नायट्राइल येतं, व्हिटॉन येतं, ईपीडीएमही येतं. व्हिटॉन तपकिरी असतं, हिरवंही असतं. रंग कंपनीच्या मर्जीचा. पाकिटावर काय छापलंय तेच खरं.

मग कडकपणा. हा शोअर या मापात सांगतात. दुकानात सर्रास मिळते ती 70 शोअरची. पाण्याच्या पंपाला, नळाला, मोटारसायकलला ती चालते. टाकीच्या तोंडासाठी 90 शोअरची मागा. दोन्ही शेजारी ठेवून नखानं दाबून बघा. सत्तरची सहज दबते, नव्वदची नखाला विरोध करते. 200 बार दाबाखाली हाच विरोध रिंगेला फटीतून पिळून बाहेर जाऊ देत नाही.

"सत्तरचीच आहे, चालते सगळ्यांना," असं दुकानदार म्हणेल. चालते, हे खरं आहे. काही दिवस चालते. पण रोज चार-पाच वेळा रेग्युलेटर चढवायचा-उतरवायचा असेल तर ती लवकर कुरतडली जाते. नव्वदची जवळ मिळाली नाही तर मुंबईहून मागवा. नागदेवी स्ट्रीटला सील आणि ओ-रिंगांची दुकानं रांगेनं आहेत. नाहीतर डायव्हिंगचं सामान विकणाऱ्याकडून घ्या, पाच-दहा रुपये जास्त लागले तरी. एकदम पंचवीस-तीस मागवा. आठ-दहा घरांनी मिळून मागवल्या तर आणखी बरं.

तेव्हा दुकानात वाक्य एवढंच बोला: "एएस 568, नंबर 014, नायट्राइल, 90 शोअर." कागदावर लिहून मुलाच्या हाती दिलंत तरी चालेल. जुनी रिंग घरी राहू द्या.

सुट्या रिंगांचा रंगीबेरंगी डबा मिळतो, शेकड्यानं रिंगा आणि किंमत थोडी. तो नळाच्या कामाला ठेवा. त्यात रबर कुठलं, कडकपणा किती, कधीची, काही कळत नाही. बऱ्याचदा मापं मिलिमीटरच्या वेगळ्या पद्धतीची असतात. जवळचं माप म्हणजे बरोबरचं माप नाही.

जुगाडाबद्दलही बोलून घेतो, कारण आपण कोकणातली माणसं त्यात तरबेज. सायकलच्या ट्यूबमधून कापलेली रिंग नको. पाण्याच्या बाटलीच्या झाकणातली सिलिकॉनची रिंग नको, ती मऊ असते आणि लगेच फाटते. पातळ रिंगेखाली दुसरी पातळ रिंग नको. आट्यांवर टेफलॉन टेप तर मुळीच नको. नळाचे आटे निमुळते असतात, तिथं टेप काम करते. टाकीच्या मानेचे आटे सरळ असतात आणि तिथं हवा अडवण्याचं काम एकट्या रिंगेचं आहे. टेपनं फक्त व्हॉल्व्ह नीट खाली बसायचा राहतो.

खोबरेल तेल, व्हॅसलिन, गाडीचं ग्रीस यांतलं काहीही रिंगेला लावू नका. ही हवा माणसाच्या फुप्फुसात जाणार आहे. शिवाय दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल यांची गाठ पडली तर आग लागते. साध्या हवेत ऑक्सिजन 21 टक्केच असतो, पण उद्या तीच टाकी जास्त ऑक्सिजनच्या हवेसाठी कुणी भरायला नेली तर तुमचं व्हॅसलिन आतच असेल.

नायट्रॉक्स, म्हणजे हीच जास्त ऑक्सिजनची हवा, वापरणाऱ्यांना इथंच सांगतो. तुमच्या टाकीत आधी शुद्ध ऑक्सिजन भरून वर हवा भरत असतील, तर हा लेख तुम्हाला पुरणार नाही. तिथं रिंग, ग्रीस आणि टाकीची आतली स्वच्छता, तिन्ही ऑक्सिजनला चालणारी लागतात. व्हिटॉन किंवा ईपीडीएम तिथं कामाला येतं. ते काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

आता बसवायचं कसं.

तुम्ही घरी बदलायची ती फक्त तोंडावरची रिंग. टाकी भरलेली असली तरी ती बदलता येते, कारण ती बंद व्हॉल्व्हच्या बाहेर असते. व्हॉल्व्ह नीट बंद आहे ना, रेग्युलेटर काढलेला आहे ना, एवढं बघा. होडीवर नको, किनाऱ्यावर करा. वाऱ्यात आणि वाळूत नको, पडवीत बसून करा.

आधी तोंड गोड्या पाण्यानं धुवा आणि पुसा. मग जुनी रिंग दोन बोटांनी दोन बाजूंनी आत रेटा. एका जागी ती फुगून वर येते. तिथं प्लॅस्टिकच्या बोथट टोकानं उचला. सुई, पिन, सुरी, स्क्रू ड्रायव्हर यांना हात लावू नका. आतलं पितळ मऊ असतं. खोबणीत केसाएवढा ओरखडा पडला की नवी रिंगही तिथून गळणार आणि तुम्ही रिंगेला दोष देत बसणार.

रिकामी खोबण बॅटरीच्या उजेडात बघा. वाळूचा कण, मिठाचा पांढरा थर, हिरवट जंग, जुन्या रिंगेचा तुकडा. चष्म्याच्या कापडानं पुसा. जुन्या बनियननं पुसलंत तर तूस आत राहील, आणि तेवढं तूसही हवेला पुरतं.

नवी रिंग बोटांवर फिरवून बघा. चीर, उंचवटा, तुटका भाग नको. मग ती खोबणीत सगळीकडून सारखी बसवा. ताणून नको, वळवून नको.

ग्रीस? तोंडावरची रिंग हलत नाही, एका जागी दबून बसते. तिला ग्रीसची गरज जवळजवळ नसतेच. लावायचंच असेल तर डायव्हिंगसाठी मिळणारं सिलिकॉन ग्रीस, तेही बोटावर चमक येईल एवढंच. चपचपीत माखलेल्या रिंगेला वाळू चिकटते आणि ती खोबणीतून घसरते. भरपूर ग्रीस लावणारा माणूस काळजी घेतोय असं दिसतं, इतकंच.

आता नखाची परीक्षा. अंगठ्याचं नख धातूवरून रिंगेवर सरकवा. नखाला रिंग थोडी वर लागली पाहिजे. धातूच्या पातळीत किंवा खाली असली तर ती पातळ आहे किंवा चेपलेली आहे. फारच वर आली असेल, बोटानं दाबूनही बसत नसेल, तर ती जाड आहे. दोन्ही वेळा काढून टाका आणि नंबर पुन्हा बघा. या एका नखानं निम्म्या चुका पकडल्या जातात.

मग रेग्युलेटर लावा. योकचा स्क्रू बोटांनी आवळा, पाना लागत नाही. गेजची काच कुणाच्याही तोंडाकडे नको. व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. एकदम उघडला तर दाबाचा तडाखा रिंगेला जागेवरून उडवू शकतो. थांबा, कान द्या. आवाज नसेल तर तोंडाभोवती साबणाचं पाणी लावा किंवा ते टोक बादलीत बुडवून बघा. एकही बुडबुडा नको.

बारीकशी गळती असली की आपल्याकडचा पोरगा हमखास म्हणतो, "काय एक होवचा नाय." त्याला तिथंच थांबवा. जी रिंग थोडी गळते ती कुठून तरी फाटलेली किंवा बाहेर पिळलेली असते. ती दहा मीटर खोल पर्यटकाच्या पाठीवर पुरती फाटू शकते.

रेग्युलेटर काढतानाही एक नजर टाका. कधी कधी रिंग टाकीवर राहत नाही, रेग्युलेटरला चिकटून येते. मग ती पाण्यात पडते आणि पुढचा माणूस रिंगेविनाच रेग्युलेटर चढवतो. काढलं की बघायचं, ही सवय मुलांना लावा.

रिंग बदलूनही हवा सुटत असेल तर ती कुठून सुटते हे बघा. सगळ्या गळतीला तोंडावरची रिंग कारण नसते.

व्हॉल्व्हच्या मुठीपाशी बुडबुडे येत असतील तर आतल्या दांड्याच्या रिंगा गेल्यात. व्हॉल्व्ह बंद करूनही भोकातून हवा येत असेल तर आतली बैठक झिजली आहे. व्हॉल्व्हच्या बाजूला छोटा नट असतो, त्याच्या आत दाब जास्त झाला तर फुटणारी धातूची चकती असते. तिथून हवा येत असेल तर तो नट आवळू नका. या तिन्ही गोष्टी व्हॉल्व्ह खोलणाऱ्या माणसाच्या आहेत.

आणि मान. व्हॉल्व्ह आणि टाकी जिथं मिळतात तिथून बुडबुडे आले तर पाना हातात घेऊ नका. भरलेल्या टाकीचा व्हॉल्व्ह आवळायचा नाही आणि सैलही करायचा नाही. मघाशी टनाचा जोर म्हटलं तो इथला. व्हॉल्व्ह थोडा उघडून टाकी हळूहळू रिकामी करा आणि ज्याच्याकडे सर्व्हिसिंग होतं त्याच्याकडे द्या.

मानेची रिंग कुठली, हे तुम्हाला ठाऊक असलेलं बरं. ज्या टाकीच्या मानेला पाऊण इंची, इंचाला 14 आटे असलेला व्हॉल्व्ह बसतो, तिला 214 नंबरची रिंग लागते. आतला व्यास 24.99 मिलिमीटर, जाडी 3.53. काही टाक्यांची मान मात्र मेट्रिक असते, 25 मिलिमीटरची, आटा 2 मिलिमीटरचा.

या दोन मानांची गफलत जिवावर बेतते. मेट्रिक व्हॉल्व्ह पाऊण इंची मानेत फिरतो. बसल्यासारखा वाटतो. पण आटे एकमेकांत पुरते धरत नाहीत, आणि भरताना व्हॉल्व्ह गोळीसारखा उडतो. जगात अशानं माणसं गेली आहेत. तेव्हा एका टाकीचा व्हॉल्व्ह काढून दुसरीला लावणं, जुन्या बाजारातून सुटा व्हॉल्व्ह आणणं, हे बंद करा. रिंग बरोबर बसली म्हणजे व्हॉल्व्ह बरोबर आहे असं होत नाही.

मानेची रिंग बदलायला स्वतंत्र वेळ काढावा लागत नाही. टाकीची दाबचाचणी ठरावीक मुदतीनं करावीच लागते. आपल्याकडे त्याला गॅस सिलिंडर नियम 2016 लागू आहेत आणि देखरेख करणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. चाचणीची तारीख टाकीच्या खांद्यावर ठोकलेली असते, ती वाचा. चाचणीला व्हॉल्व्ह निघतोच. त्याच वेळी मानेची रिंग नवी टाकायला सांगा आणि पावतीवर तसं लिहून घ्या. जुनीच पुसून परत बसवणारे असतात.

आणलेल्या रिंगा कशा ठेवायच्या? पाकिटातून काढून खिळ्याला लटकवू नका, त्या ताणल्या जातात. किल्ल्यांच्या जुडग्यातही नको. होडीवरच्या उन्हातल्या डब्यात नको. कॉम्प्रेसरच्या मोटारीजवळ नको, विजेच्या ठिणग्यांतून निघणारा ओझोन नायट्राइलला बारीक चिरा पाडतो. त्यांच्याच पाकिटात, अंधारात, घरातल्या कपाटात ठेवा. चांगल्या पाकिटावर रिंग कुठल्या वर्षी, कुठल्या तिमाहीत बनली ते छापलेलं असतं. ते बघून घ्या. होडीवर न्यायच्या तेवढ्या पाच-सहा छोट्या झिपच्या पिशवीत, सोबत प्लॅस्टिकचं टोक आणि कापड.

तोंडावरच्या रिंगा मोसमाच्या सुरुवातीला सगळ्या टाक्यांच्या बदला. मधे सपाट दिसली, चीर दिसली, की त्याच दिवशी. पावसाळ्यात टाक्या ठेवताना पूर्ण रिकाम्या ठेवू नका. थोडा दाब राहू द्या आणि व्हॉल्व्ह बंद ठेवा, म्हणजे दमट हवा आत शिरणार नाही. उभ्या ठेवा.

सहलीला येणाऱ्यांनाही दोन शब्द. तुम्ही टाकी खोलणार नाही, खोलूही नका. पण पाठीवर टाकी चढल्यावर मानेमागं फुस्स आवाज येत असेल तर संकोच न करता सांगा. दाबाचा गेज दाखवायला सांगा. पाण्याखाली मागून मोठा आवाज झाला, बुडबुड्यांचा लोट आला, तर टाकी फुटलेली नसते. बहुधा रिंग गेलेली असते आणि टाकी संपेपर्यंत थोडा वेळ मिळतो. शिक्षकाचा हात धरा, तो देईल तो दुसरा रेग्युलेटर तोंडात घ्या, श्वास चालू ठेवा आणि त्याच्यासोबत हळूहळू वर या. श्वास रोखून झटकन वर येणं हे रिंग जाण्यापेक्षा कितीतरी धोक्याचं आहे.

आणि जे धंदा करतात त्यांना एक विनंती. ऐन दिवाळीच्या गर्दीत, किनाऱ्यावर वीस माणसं रांगेत उभी असताना एखादी टाकी फुस्स करील आणि डबीत 014 ची रिंग शिल्लक नसेल. तेव्हा दुसऱ्या टाकीची रिंग काढून हिला लावू नका आणि शेजाऱ्याकडून "जवळची" रिंग मागू नका. ती टाकी खडूनं फुली मारून बाजूला ठेवा. पर्यटकांना सांगा, अर्धा तास थांबावं लागेल. थांबतात लोक. आणि आज संध्याकाळीच आपल्या प्रत्येक व्हॉल्व्हचा नंबर विचारून कॉम्प्रेसरच्या खोलीच्या भिंतीवर रंगानं लिहून टाका.